पानथरी, मानेतल्या गाठी आणि डॉ. थॉमस हॉजकिन: एका आजाराच्या नावामागचे आयुष्य

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर हॉजकिन लिम्फोमा किंवा नॉन-हॉजकिन लिम्फोमा असे शब्द आले असतील, तर हा हॉजकिन कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कदाचित सोनोग्राफीत पानथरी मोठी दिसली असेल, तिच्यात गाठी दिसल्या असतील आणि कुणीतरी पानथरीचा कॅन्सर हा शब्द उच्चारला असेल. दोन्ही परिस्थितींत हा लेख तुमच्या उपयोगाचा आहे. हॉजकिन हे एका डॉक्टरचे आडनाव आहे. गाठी आणि पानथरी यांचा एकत्र होणारा एक आजार त्यांनी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी ओळखला. त्यांचे आयुष्य समजून घेतले की आजच्या तपासण्या का कराव्या लागतात आणि रुग्ण किती जगेल याचे उत्तर कशावर ठरते, हेही समजते.

आधी पानथरीबद्दल थोडेसे

पानथरी, म्हणजेच प्लीहा, पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते. निरोगी मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५० ग्रॅम असते आणि ती सहसा हाताला लागत नाही. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणे आणि रक्तातल्या जंतूंशी लढणे ही तिची मुख्य कामे. मान, काख आणि जांघेत ज्या लसिका ग्रंथी असतात, ज्या सुजल्या की आपण अवधाण आले म्हणतो, त्याच यंत्रणेचा पानथरी हा मोठा भाग आहे.

यवतमाळ जिल्ह्यात पानथरी वाढलेले रुग्ण आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत. मलेरिया, टायफॉइड, लहान मुलांमधला सिकलसेल, थॅलेसेमिया आणि दारूमुळे किंवा कावीळीच्या विषाणूंमुळे खराब झालेले लिव्हर ही त्याची नेहमीची कारणे. म्हणून पानथरी वाढली म्हणजे कॅन्सर, असा अर्थ लगेच काढू नका. पण कारण सापडत नसेल, तर शोध मध्येच थांबवूही नका. हा शोध कसा सुरू झाला, ते पाहण्यासाठी आपल्याला लंडनला जावे लागेल.

मृतदेहांमधून शिकणारा डॉक्टर

थॉमस हॉजकिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ रोजी लंडनजवळच्या पेंटनव्हिल इथे झाला. घर क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, सर्व माणसे समान मानणे आणि हिंसेला विरोध ही या पंथाची शिकवण. हॉजकिन यांनी ती आयुष्यभर पाळली.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते एडिनबरोला गेले आणि १८२३ मध्ये एम.डी. झाले. शिक्षण चालू असतानाच काही काळ ते पॅरिसला राहिले. तिथे स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक यांच्या हाताखाली त्यांना शिकायला मिळाले. हे नवे साधन लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये नेऊन दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये ते होते. आज तुमच्या छातीवर डॉक्टर सहज स्टेथोस्कोप ठेवतात, पण तेव्हा त्या लाकडी नळीकडे अनेक जुने डॉक्टर संशयाने पाहत होते.

गायज हॉस्पिटलमध्ये त्यांना शवविच्छेदनाचे आणि संग्रहालयाचे काम मिळाले. दवाखान्यात दगावलेल्या रुग्णाचे शरीर तपासायचे, आजार कोणत्या अवयवात होता ते पाहायचे, लिहून ठेवायचे आणि महत्त्वाचे अवयव बरण्यांमध्ये जपून ठेवायचे. रोज मृत्यूशी संबंध येणारे हे काम त्यांनी मन लावून केले. जिवंतपणी रुग्णाने सांगितलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर दिसलेले अवयव यांचा मेळ घातल्याशिवाय आजार कळणार नाही, याची त्यांना खात्री होती.

सूक्ष्मदर्शकाचाही त्यांनी अभ्यास केला. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी सुधारलेला सूक्ष्मदर्शक बनवला होता. त्याच्या मदतीने दोघांनी मिळून १८२७ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींचा खरा आकार सांगितला: दोन्ही बाजूंनी मध्ये खोलगट असलेली चकती.

सात रुग्ण

या कामात काही रुग्णांनी हॉजकिन यांचे लक्ष वेधले. त्यातला पहिला नऊ वर्षांचा मुलगा होता. या रुग्णांच्या मानेतल्या, छातीतल्या आणि पोटातल्या लसिका ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या आणि बहुतेकांची पानथरीही आजारी होती. कुठे जखम नव्हती, पू नव्हता. दुसऱ्या एखाद्या सुजेमुळे या गाठी आल्या असाव्यात असे दिसत नव्हते. त्या काळी गाठी दिसल्या की क्षयरोग किंवा साधी सूज असे म्हणून विषय संपायचा. हॉजकिन यांना वाटले की हा आजार वेगळा आहे आणि तो मुळातच गाठी आणि पानथरीचा आहे.

अशा सात रुग्णांची माहिती त्यांनी एकत्र केली. त्यातल्या एकाला त्यांनी स्वतः पाहिलेही नव्हते. रॉबर्ट कार्सवेल या मित्राने काढलेल्या चित्रांवरून त्यांनी तो आजार ओळखला. जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेत हा निबंध वाचला गेला. हॉजकिन त्या सभेचे सदस्य नव्हते, म्हणून तो सभेच्या सचिवांनी वाचला. निबंधाच्या शीर्षकातच लसिका ग्रंथी आणि पानथरी या दोघींची नावे होती.

सातही रुग्ण दगावले होते. हॉजकिन यांच्याकडे त्यांच्यासाठी कोणतेही औषध नव्हते. त्यांनी हा एक स्वतंत्र आजार आहे एवढेच सांगितले. निबंधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

नोकरी हुकली, पण काम थांबले नाही

हॉजकिन दवाखान्याबाहेरही गप्प बसणारे नव्हते. कामगारांना स्वच्छता, मोकळी हवा आणि आहार यांवर त्यांनी व्याख्याने दिली आणि ती पुस्तकरूपाने छापली. इंग्रजांच्या वसाहतींमध्ये मूळ रहिवाशांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. आदिवासींच्या हक्कांसाठी १८३७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. कॅनडातल्या मूळ रहिवाशांशी हडसन्स बे कंपनीचे वागणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गायज हॉस्पिटलचे सर्वेसर्वा असलेले खजिनदार त्या कंपनीशीही संबंधित होते. १८३७ मध्ये हॉस्पिटलमध्ये सहायक डॉक्टरची जागा निघाली, तेव्हा ती हॉजकिन यांना न देता दुसऱ्याला देण्यात आली. हॉजकिन यांनी राजीनामा दिला आणि ज्या शवागारात व संग्रहालयात त्यांनी सर्वांत मोठे काम केले, ते सुटले.

पुढे ते खासगी वैद्यकी करत राहिले. गरिबांकडून, आणि कित्येकदा श्रीमंतांकडूनही, फी मागण्याचा त्यांना संकोच वाटे. त्यांचे रुग्ण आणि जवळचे मित्र सर मोझेस माँटेफिओर हे ज्यू समाजासाठी दूरदूरच्या देशांत मदतकार्य करत. त्यांच्यासोबत हॉजकिन अनेक प्रवासांना गेले. अशाच एका प्रवासात जाफा या बंदरात त्यांना जुलाब-आमांशाने गाठले आणि एप्रिल १८६६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर आजही तिथे आहे.

आजाराला नाव मिळाले

मृत्यूच्या आधीच्याच वर्षी, १८६५ मध्ये, गायज हॉस्पिटलचेच डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी याच आजारावर निबंध लिहिला. विल्क्स यांना हा आजार स्वतंत्रपणे दिसला होता. पण हॉजकिन यांनी तो आधीच सांगितला आहे हे कळल्यावर त्यांनी श्रेय स्वतःकडे ठेवले नाही आणि आजाराला हॉजकिन यांचेच नाव दिले.

तरीही एक प्रश्न उरला होता. हा खरेच वेगळा आजार आहे की क्षयरोगाचाच एक प्रकार? १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींमधल्या मोठ्या, विचित्र पेशींचे नीट वर्णन केले, पण त्यांना हा क्षयरोगाचाच प्रकार वाटला. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या तरुण डॉक्टर डोरोथी रीड यांनी हा क्षयरोग नाही हे दाखवले. त्या पेशींना आज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. तुमच्या बायोप्सीत पॅथॉलॉजिस्ट त्याच शोधतात.

पुढे १९२६ मध्ये, हॉजकिन यांनी जपून ठेवलेले काही अवयव जवळजवळ शंभर वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्यात हॉजकिनचा आजार खरोखर सापडला, पण सगळ्या नमुन्यांमध्ये नाही. नुसत्या डोळ्यांना सारखे दिसणारे आजार पेशींच्या पातळीवर वेगळे निघाले.

हा इतिहास तुमच्या कामाचा का आहे

आपल्या भागात आजही हेच घडते. मानेत न दुखणारी गाठ, संध्याकाळी ताप, रात्री अंगरखा भिजेल इतका घाम, वजन उतरणे, पानथरी मोठी. ही लक्षणे क्षयरोगाचीही आहेत आणि लिम्फोमाचीही. क्षयरोग आपल्याकडे जास्त आढळतो, म्हणून कधीकधी पुराव्याशिवाय टीबीची औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात. टीबीचे निदान झाले असेल तर ते कशावरून झाले, हे डॉक्टरांना जरूर विचारा. औषधे नीट घेऊनही गाठ वाढत असेल, तर गाठीची बायोप्सी करावीच लागते.

बायोप्सीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुईने काढलेले पाणी लिम्फोमासाठी बहुतेक वेळा पुरेसे नसते. शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढून तपासावी लागते आणि पेशींचा नेमका प्रकार कळण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही खास तपासणी करावी लागते. दुसरे म्हणजे, बायोप्सीच्या आधी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊ नका. त्याने गाठ तात्पुरती लहान होते आणि खरा आजार लपतो. दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड आधीपासून चालू असतील, तर मात्र ते स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

बायोप्सीने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

मृत्यूच्या यादीतून बरे होणाऱ्यांच्या यादीत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्ष-किरणांनी या गाठी विरघळतात हे दिसले, पण त्या परत येत. १९५० मध्ये टोरांटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी दाखवले की आजार सुरुवातीला पकडून नीट किरणोपचार दिले, तर बरेच रुग्ण दीर्घकाळ जगतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत चार औषधे एकत्र देणारी केमोथेरपी आली. १९७० च्या दशकात इटलीतल्या मिलान इथे डॉ. बोनाडोना यांनी एबीव्हीडी ही दुसरी चौकडी शोधली. ती आजही वापरली जाते.

या उपचारांमधली व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधे आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या झाडापासून मिळाली आहेत. म्हणून सदाफुलीची पाने चावून खाऊ नका. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिले जाते. पानांतून किती विष पोटात जाते ते कुणालाच मोजता येत नाही.

या काळात पानथरीलाही तिची किंमत मोजावी लागली. आजार कुठपर्यंत पसरला हे कळावे म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांत अनेक रुग्णांचे पोट उघडून पानथरी काढून तपासत. त्यातून कळले की हाताला न लागणाऱ्या पानथरीतही आजार असू शकतो आणि मोठी झालेली पानथरी कधी आजारमुक्तही असते. आज पेट-सीटी स्कॅन आणि चांगली केमोथेरपी आल्यामुळे त्यासाठी ऑपरेशनची गरज उरलेली नाही.

इथे घरच्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. मानेतल्या गाठींसोबत पानथरीतही हॉजकिन लिम्फोमा असेल, तर ती तिसरी स्टेज धरतात. दुसऱ्या कॅन्सरमध्ये तिसरी स्टेज ऐकून जी भीती वाटते, ती इथे तशीच लागू होत नाही. हॉजकिन लिम्फोमाच्या सुरुवातीच्या स्टेजमध्ये योग्य उपचाराने १० पैकी ९ च्या आसपास रुग्ण ५ वर्षांनंतर हयात असतात. पुढच्या स्टेजमध्येही बहुसंख्य रुग्ण बरे होतात. अट एकच, उपचार पूर्ण घ्यायला हवा. दोन-तीन केमोनंतर गाठ गेली म्हणून थांबू नका.

पानथरीचे इतर कॅन्सर आणि आयुर्मान

फक्त पानथरीतच सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मीळ आहे. पानथरीचा कॅन्सर या एका नावाखाली अगदी वेगवेगळे आजार येतात.

- स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा: बहुधा उतारवयात होतो आणि हळू वाढतो. अनेक रुग्ण १० वर्षे किंवा त्याहून जास्त जगतात. त्रास नसेल तर डॉक्टर काही काळ औषध न देता नुसती तपासणी करत राहतात. याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा नाही. काही रुग्णांत हिपॅटायटिस सी असतो आणि त्याचा उपचार केल्यावर हा लिम्फोमाही कमी होऊ शकतो.
- हेअरी सेल ल्युकेमिया: रक्ताचा कॅन्सर, पण पानथरी खूप वाढते. औषधांना चांगला प्रतिसाद देतो आणि बहुतेक रुग्ण अनेक वर्षे जगतात.
- डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा: वेगाने वाढतो, पण केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅबने निम्म्याहून जास्त रुग्ण बरे होऊ शकतात. इथे उशीर परवडत नाही.
- अँजिओसारकोमा: पानथरीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर, अत्यंत दुर्मीळ आणि आक्रमक. पानथरी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. लिव्हरमध्ये लवकर पसरतो आणि बहुतेक वेळा आयुष्य महिन्यांत मोजावे लागते. फुटण्यापूर्वी आणि पसरण्यापूर्वी पानथरी काढता आली, तर आयुष्य वाढण्याची संधी जास्त. आजार पुढे गेलेला असेल, तर वेदना कमी करणारे उपचार रुग्णाला मिळालेच पाहिजेत.

म्हणजे एका रुग्णाला महिने आणि दुसऱ्याला दशके. सोनोग्राफीत मात्र दोघांच्या पानथरीत नुसती गाठच दिसू शकते. म्हणून किती दिवस राहिले, हा प्रश्न विचारण्याआधी आजाराचे पूर्ण नाव काय, हा प्रश्न विचारा. आणि आकडे ऐकताना लक्षात ठेवा की ५ वर्षांचे प्रमाण म्हणजे ५ वर्षांची मुदत नव्हे. ते अनेक रुग्णांचे एकत्रित गणित असते.

१९७१ च्या आनंद चित्रपटातला नायक आतड्याच्या लिम्फोसारकोमाने जातो. ते लिम्फोमाच्याच एका गटाचे जुने नाव. तो चित्रपट डोक्यात ठेवून आजच्या रुग्णाचे भविष्य ठरवू नका. उपचार फार बदलले आहेत.

पानथरी काढली असेल किंवा काढायची असेल तर

- न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंवरच्या लसी घ्या. शक्यतो ऑपरेशनच्या किमान २ आठवडे आधी.
- ऑपरेशननंतर कधीही थंडी वाजून ताप आला, तर घरी पॅरासिटामॉल घेऊन थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा आणि पानथरी नाही हे आधी सांगा.
- मलेरियाही अशा माणसात गंभीर होऊ शकतो. मच्छरदाणी वापरा.

यवतमाळमधून पुढे कुठे जायचे

सुरुवातीच्या तपासण्यांसाठी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पुढच्या निदानासाठी आणि उपचारासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा हॉस्पिटल, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल ही नावे झरी जामणीपासून उमरखेडपर्यंतच्या लोकांच्या ओळखीची आहेत. मुंबईचे टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. भारतात कॅन्सरचे पेशींवरून निदान करण्याची शिस्त रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे आहे. गुंतागुंतीच्या वेळी बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन तिथे दुसरे मत घेता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करा.

निघताना सगळे रिपोर्ट, सीटीच्या सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक सोबत ठेवा. पानथरी मोठी असताना पोट चोळून घेणे, डाग देणे टाळा, कारण ती फुटू शकते. डाव्या कुशीत अचानक जोरात दुखले, डाव्या खांद्यात कळ आली, चक्कर येऊन अंग गार पडले, तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. सिकलसेल असलेल्या मुलाचे पोट अचानक फुगले आणि ते पांढरे पडले, तरीही तसेच करा.

हॉजकिन यांच्या सात रुग्णांपैकी एकालाही औषध मिळाले नाही. पण त्या नऊ वर्षांच्या मुलाचा आजार साधी सूज म्हणून सोडून न देता कुणीतरी लिहून ठेवला, म्हणून आज त्याच वयाचे मूल उपचार घेऊन शाळेत परत जाऊ शकते. तुमच्या रुग्णाच्या गाठीलाही नेमके नाव मिळू द्या आणि त्यासाठी लागणारी बायोप्सी पुढे ढकलू नका.